ॲप खरं की खोटं, हे ॲपला विचारू नका



आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आला आहे. बऱ्याच जणांनी विचारलं, "मोबाइलवर शेअर ट्रेडिंगचं ॲप सुरक्षितपणे कसं टाकायचं ते एकदा सांगा." आता ॲप टाकणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. घरातला शाळकरी मुलगासुद्धा करून देईल. मी आज बोलणार आहे ते त्या दोन मिनिटांच्या आधी काय करायचं आणि नंतर काय करायचं, याबद्दल. पैसे जातात ते तिथे.

सुरुवातीलाच एक वाक्य सांगून ठेवते, बाकी सगळं त्यातूनच निघणार आहे. ॲप खरं आहे की खोटं, हे त्या ॲपला विचारायचं नाही. ॲपच्या बाहेर जाऊन विचारायचं.

असं का म्हणते? मी बरीच वर्षं शेअर दलालाच्या कचेरीत बॅक ऑफिसला काम केलं. सुरुवात केली तेव्हा कागदाचा जमाना होता. गिऱ्हाईक शेअर सर्टिफिकेट आणि सही केलेला ट्रान्सफर फॉर्म घेऊन यायचं. सर्टिफिकेट सुबक छापलेलं, शिक्का, नक्षी, सगळं असायचं. पण नक्षी बघून कुणी विश्वास ठेवत नसे. कागद कंपनीच्या रजिस्ट्रारकडे जायचा, तिथल्या वहीतल्या नोंदीशी आणि सहीशी ताडून बघितला जायचा. जुळलं नाही तर परत यायचा. त्याला आम्ही 'बॅड डिलिव्हरी' म्हणायचो. म्हणजे शेअर तुमचा आहे की नाही हे कागद ठरवत नव्हता, रजिस्ट्रारची वही ठरवत होती. १९९२ चा रोखे घोटाळा आठवतो ना? त्यात बँकांच्या पावत्या फिरत होत्या, आणि कित्येक पावत्यांच्या मागे रोखे नव्हतेच.

१९९६ मध्ये एनएसडीएल आली, १९९९ मध्ये सीडीएसएल आली, आणि ती वही या दोन डिपॉझिटरींकडे गेली. आजही शेअर तुमच्या मोबाइलमध्ये नसतो आणि ब्रोकरच्या ॲपमध्येही नसतो. तो डिपॉझिटरीच्या नोंदीत, तुमच्या डीमॅट खात्यात असतो. ॲप ही फक्त खिडकी आहे. खिडकीवर चित्र कुणीही चिकटवू शकतो.

खोटं ॲप नेमकं हेच करतं. त्याचा शेअर बाजाराशी काडीचा संबंध नसतो. तुम्ही 'खरेदी' दाबता, स्क्रीनवर शेअर दिसतो, भाव हलतो, नफा हिरव्या रंगात वाढतो. भाव खराही असेल, कारण भाव कुठूनही उचलता येतो. खरेदी मात्र झालेलीच नसते. तुमचे पैसे गेलेले असतात कुठल्यातरी भाड्याच्या बँक खात्यात, आणि तिथून पुढे काही तासांत दहा खात्यांत.

बडोद्याचे एक निवृत्त शिक्षक आमच्या ओळखीतले. नाव सांगत नाही, सर म्हणू. शेअर बाजार शिकवणारी एक जाहिरात बघून ते एका ग्रुपमध्ये गेले. तिथे रोज सकाळी 'आजचा शेअर' यायचा, आणि शंभर-दीडशे लोक "आज एवढे मिळाले" म्हणून आनंद करायचे. महिनाभराने त्यांना एक लिंक आली. "सर, हे आपल्या खास सभासदांचं ॲप आहे." त्यांनी टाकलं, दहा हजार भरले. चार दिवसांनी दोन हजार काढून बघितले, तर खात्यात जमा झाले. सर म्हणाले, खातरजमा झाली. मग फंडाचे साडेसहा लाख टप्प्याटप्प्याने भरले. ॲपमध्ये एकतीस लाख दिसायला लागले. काढायला गेले तर उत्तर आलं, आधी नफ्यावर पंधरा टक्के कर भरा.

तेव्हा त्यांच्या मुलीने मला फोन लावून दिला. मी म्हटलं, "सर, तुमचा डीमॅट नंबर सांगा." ते म्हणाले, "ताई, ॲपमध्ये सगळं दिसतंय की. व्हीआयपी क्रमांक आहे माझा." डीमॅट नंबर नव्हताच. सर गणिताचे शिक्षक, हिशेबाला पक्के. त्यांनी खातरजमा केली, पण ज्याच्यावर शंका घ्यायची त्यालाच विचारून केली. ते दोन हजार म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ होतं.

अशा फसवणुकीत ठरावीक गोष्टी सांगतात, त्या ओळखून ठेवा. पहिली, "आमचं इन्स्टिट्यूशनल खातं आहे, परदेशी गुंतवणूकदार संस्थेमार्फत तुम्हाला स्वस्तात शेअर मिळतील." सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला आहे. परदेशी गुंतवणूकदारांचा मार्ग, काही मोजके अपवाद सोडले तर, भारतात राहणाऱ्यांसाठी नाहीच. आणि तुमच्या-माझ्यासाठी 'इन्स्टिट्यूशनल खातं' असा प्रकार नियमांत नाही. शेअर घ्यायचे तर नोंदणीकृत ब्रोकरकडे ट्रेडिंग खातं आणि स्वतःच्या नावाचं डीमॅट खातं लागतं.

दुसरी, "आयपीओ नक्की लागेल." अर्ज जास्त आले की किरकोळ गुंतवणूकदारांना शेअर सोडतीने मिळतात. कुठलाही ब्रोकर हमी देऊ शकत नाही. शिवाय आयपीओचा अर्ज करताना पैसे तुमच्याच बँक खात्यात अडकवून ठेवले जातात, शेअर लागले तरच कापले जातात. "आयपीओसाठी आमच्या खात्यात पैसे टाका" म्हटलं की तिथेच थांबा.

तिसरी, "महिन्याला अमुक टक्के पक्के." शेअर बाजारात खात्रीच्या परताव्याचं आश्वासन देणं ब्रोकरला मनाई आहे. जो देतो तो एकतर नियम मोडतोय, नाहीतर ब्रोकरच नाही.

आता ॲप टाकण्याकडे येऊ. क्रम लक्षात ठेवा, कारण सगळं क्रमात आहे. लोक मेसेजमधून ॲपकडे जातात. आपण यादीतून ॲपकडे जायचं.

सगळ्यात आधी सेबीची वेबसाइट स्वतःच्या हाताने टाइप करून उघडा. तिथे नोंदणीकृत मध्यस्थांची यादी आहे. त्यात ब्रोकरचं नाव शोधा. शेअर ब्रोकरचा नोंदणी क्रमांक आय-एन-झेड या तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो, पुढे नऊ आकडे. गुंतवणूक सल्लागाराचा आय-एन-ए ने, रिसर्च ॲनालिस्टचा आय-एन-एच ने. हे उपयोगी आहे, कारण कुणी सल्लागाराचा नंबर दाखवून "आमच्या ॲपवर शेअर घ्या" म्हणत असेल तर तो नंबर त्या कामाचा नाही.

पण नुसता नंबर जुळला म्हणून खूश होऊ नका. भामटे खऱ्या ब्रोकरचा खरा नंबर उचलून आपल्या पानावर लावतात. म्हणून यादीत कंपनीचा जो ईमेल, पत्ता आणि फोन दिला आहे, तोही बघा. जाहिरातीतलं नाव आणि नोंदणीतलं नाव वेगळं असू शकतं. त्यात गैर काही नाही, खऱ्या ब्रोकरच्या वेबसाइटवर तळाशी दोन्ही लिहिलेली असतात.

त्यानंतर त्या ब्रोकरच्या वेबसाइटवर जा, आणि तिथे दिलेल्या दुव्यावरून प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअर उघडा. स्टोअरमध्ये नाव टाकून शोधायचं टाळा. एकसारखी चिन्हं आणि एका अक्षराचा फरक असलेली नावं तिथेही अधूनमधून घुसतात. स्टोअरचं पान उघडलं की ॲप कुणी बनवलं आहे ते नाव वाचा. ते ब्रोकर कंपनीचं असायला हवं. तारे आणि कौतुकाचे अभिप्राय विकत मिळतात, त्यांच्यावर जाऊ नका.

लिंकवरून आलेली एपीके फाइल मात्र कधीही टाकायची नाही. मेव्हण्याने पाठवली तरी नाही, कारण त्यालाही कुणीतरी पाठवलेली असते. अँड्रॉइड फोनमध्ये अनोळखी ठिकाणाहून ॲप टाकायची परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. सेटिंगमध्ये जाऊन बघा, ब्राउझरला, व्हॉट्सॲपला, टेलिग्रामला ती दिलेली आहे का. असेल तर बंद करा. प्ले प्रोटेक्ट चालू ठेवा. "आमचं ॲप नीट चालण्यासाठी प्ले प्रोटेक्ट बंद करा" असं कुणी सांगितलं तर तुम्हाला उत्तर मिळालं. आयफोनवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. तिथे चाचणीसाठीच्या टेस्टफ्लाइट ॲपमधून, किंवा फोनमध्ये 'प्रोफाइल' टाकायला लावून खोटी ॲप घुसवतात. ट्रेडिंगसाठी यातल्या कशाचीच गरज नसते.

ॲप टाकलं की ते परवानग्या मागतं. कॅमेरा मागितला तर समजू शकतं, केवायसीसाठी फोटो लागतो. पण 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी, म्हणजे स्क्रीनवरचं वाचण्याची आणि तुमच्या वतीने बटणं दाबण्याची परवानगी, ट्रेडिंगच्या ॲपला कशाला हवी? मेसेज, फोनमधले नंबर, फोटो मागितले तर कारण काय ते बघा, पटलं नाही तर नाही म्हणा. आणि खातं उघडायला मदत करतो म्हणत कुणी स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगितलं, तर सरळ फोन ठेवा.

खातं उघडण्याची पद्धतही बघा. खऱ्या ब्रोकरकडे पॅन, आधार, बँक खातं, सही, चेहऱ्याची पडताळणी, एवढं सगळं होतं, आणि मग सोळा अंकी डीमॅट नंबर मिळतो. एनएसडीएलचा असेल तर 'आय-एन' आणि पुढे चौदा आकडे, सीडीएसएलचा असेल तर सोळाही आकडेच. नाव आणि मोबाइल नंबर टाकला की दोन मिनिटांत ट्रेडिंग सुरू, असं असेल तर ते खातं नाही.

लॉगिनला खऱ्या ॲपमध्ये दोन कुलपं असतात. पासवर्ड किंवा पिन, आणि त्यावर ओटीपी, बोटाचा ठसा किंवा दर तीस सेकंदांनी बदलणारा कोड. कंटाळा करू नका. हा पासवर्ड ईमेलच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा, कारण ईमेल हातात आला की बाकी सगळं बदलता येतं. फोन विकताना किंवा नातवाला देताना ॲपमधून लॉगआउट करून फोन पूर्ण पुसून द्या.

आता पैसे भरणं. खोटं ॲप इथे उघडं पडतं. ब्रोकरला पैसे देताना खातं त्या ब्रोकर कंपनीच्याच नावाचं असतं. एखाद्या व्यक्तीच्या नावाचं, कापड दुकानाच्या नावाचं, दर वेळी वेगळं, असं कधीच नसतं. सेबीने १ ऑक्टोबर २०२५ पासून यासाठी एक चांगली सोय केली आहे. नोंदणीकृत ब्रोकरच्या यूपीआय पत्त्यात 'बीआरके' ही अक्षरं येतात, आणि @ या चिन्हानंतर 'व्हॅलिड' हा शब्द नि बँकेचं नाव येतं. म्युच्युअल फंड असेल तर 'बीआरके'च्या जागी 'एमएफ'. पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात पांढरा अंगठा दिसतो. शिवाय 'सेबी चेक' नावाची सोय सेबीच्या वेबसाइटवर आणि सारथी ॲपमध्ये आहे. तिथे यूपीआय पत्ता किंवा बँक खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की तो नोंदणीकृत मध्यस्थाचा आहे का ते कळतं. एक मिनिट लागतं. पहिल्यांदा पैसे पाठवण्याआधी ते एक मिनिट द्याच.

यानंतरची पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच लोक गाळतात. मोठी रक्कम भरण्याआधी एकच शेअर घ्या. शे-दोनशे रुपयांचा, चांगल्या कंपनीचा. मग ॲप बंद करा आणि बाहेर जाऊन शोधा, तो शेअर कुठे कुठे दिसतो.

एक, चोवीस तासांच्या आत ब्रोकरकडून कॉन्ट्रॅक्ट नोट आली पाहिजे. त्यात सौद्याची वेळ असते. शेअरचा नेहमीचा बाजार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन चालतो. दिवाळीतला मुहूर्ताचा तास सोडा, पण एरवी रात्री दहाला शेअरचा सौदा 'पूर्ण' झाला असं दाखवत असतील, तर तो कुठे झाला?

दोन, एक्स्चेंजकडून, म्हणजे एनएसई किंवा बीएसईकडून, त्या दिवसाच्या व्यवहाराचा एसएमएस किंवा ईमेल येतो. तो ब्रोकर पाठवत नाही, बाजार पाठवतो.

तीन, आणि हा खरा पुरावा. आता सौदा झाला की दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी शेअर डीमॅटमध्ये जमा होतात. म्हणून डिपॉझिटरीकडे स्वतः जाऊन बघा. सीडीएसएलची 'इझी' सेवा आहे, एनएसडीएलची 'आयडियाज' आहे. दोन्ही ठिकाणी तुम्ही थेट नोंदणी करू शकता, ब्रोकरला विचारायची गरज नाही. तो एक शेअर तिथे दिसला, म्हणजे खिडकीमागे खरंच घर आहे. नाही दिसला, तर पुढचा एक रुपयाही भरू नका.

याशिवाय डिपॉझिटरी तुमच्या पॅनवर असलेल्या सगळ्या डीमॅट खात्यांचं आणि म्युच्युअल फंडांचं एकत्रित विवरणपत्र ईमेलवर पाठवते. व्यवहार झाला त्या महिन्याचं येतं, नाहीतर सहा महिन्यांनी. ते उघडून वाचायची सवय लावा. ॲप आणि विवरणपत्र यांत फरक दिसला, तर विवरणपत्र खरं मानून ब्रोकरला जाब विचारा.

मग तो एक शेअर विका आणि पैसे बँकेत मागवा. पण सरांची गोष्ट विसरू नका. थोडे पैसे परत आले, एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. आधी डिपॉझिटरीत शेअर दिसला पाहिजे.

कराचंही सांगून ठेवते. भारतात राहणाऱ्याला शेअरच्या नफ्यावरचा भांडवली कर स्वतःच्या विवरणपत्रातून, आयकर खात्याकडे भरायचा असतो. पैसे काढण्याआधी ब्रोकरकडे कर जमा करा, ही मागणी कुठलाही खरा ब्रोकर करत नाही. 'प्रोसेसिंग फी', 'खातं गोठलंय ते उघडायची रक्कम', ही सगळी त्याच मागणीची भावंडं.

आणि एवढं करूनही कुणी अडकलं तर? लगेच १९३० या नंबरवर फोन करा. देशभर, कुठल्याही राज्यातून हाच नंबर. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवा. बँकेला कळवा, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. रागाने ॲप आणि ग्रुप काढून टाकू नका, आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. इथे तासांचा हिशेब असतो. पैसे पुढे सरकण्याआधी बँकेत अडले, तर परत मिळायची आशा असते. सरांनी त्याच सकाळी पाठवलेला शेवटचा हप्ता अडवता आला. आधीचे हप्ते निघून गेले होते. आणि थोड्या दिवसांनी "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी एवढी फी भरा" असा फोन येतो, तोही त्याच माळेतला मणी.

सरांना सगळ्यांत जड गेलं ते घरी सांगणं. त्यांनी दहा दिवस कुणालाच काही सांगितलं नाही, आणि त्या दहा दिवसांत आणखी दोन हप्ते भरले. म्हणून घरातल्या तरुणांना माझी विनंती आहे. आई-बाबांनी असं काही सांगितलं तर "तुम्हाला कळत नाही का" हे वाक्य तोंडातून काढू नका. ते वाक्य ऐकायला लागेल या धास्तीनेच माणसं गप्प बसतात, आणि गप्प बसलेल्या माणसाकडून आणखी पैसे काढणं फार सोपं असतं.

तर आज एक काम करा. तुमच्या फोनमध्ये ट्रेडिंगचं ॲप आधीपासून असेल, तर डिपॉझिटरीच्या सेवेत नोंदणी करा आणि दोन्हीकडचे शेअर एकदा ताडून बघा. नसेल, तर घरात ज्यांच्याकडे आहे त्यांना करून द्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रश्न असतील तर जरूर लिहा, पुढच्या भागात उत्तरं देईन.